सायकलची सीट खाली सरकते? आवळण्याआधी मोजा

माझी नात रोज १४ किलोमीटर सायकल चालवते. मध्ये महिनाभर तिचा उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखत होता. चढामुळे असेल असं तिला वाटलं, तिच्या आईने शेक दिला, दोन दिवस विश्रांती झाली, पुन्हा तेच. मग मी सायकल पाहिली. दर रविवारी ती सीट वर ओढून घट्ट आवळायची आणि शनिवारपर्यंत सीट जवळजवळ ३ सेंटीमीटर खाली आलेली असायची. म्हणजे दिवसाला चार-पाच मिलिमीटर. एवढा फरक बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. गुडघ्याला मात्र तो कळतो, कारण सीट जितकी खाली, तितका पॅडल वर आल्यावर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब वाढतो.

माझी सगळी नोकरी लेथवर गेली. एका गोल भोकात दुसरी गोल वस्तू बसवायची आणि ती हलता कामा नये, हेच काम मी वर्षानुवर्षं केलं. त्यामुळे सीट सरकते म्हटल्यावर लोक लगेच पाना हातात घेतात, तेव्हा मला राहवत नाही. आवळलेला बोल्ट म्हणजे पकडलेला पाइप असं नसतं. हाताने लावलेला जोर पाइपपर्यंत पोचतोय का, आणि पोचत नसेल तर वाटेत कुठे खर्च होतोय, हे आधी शोधायचं.

नक्की काय सरकतंय ते पाहा

सीट खाली जाण्याच्या दोन जागा असतात. एक, सीटचा पाइप फ्रेमच्या उभ्या नळीत घसरतो. दोन, पाइपच्या माथ्यावर सीटचे रूळ, म्हणजे तिच्या खालच्या दोन सळया, धरणारी पकड सैल असते, त्यामुळे सीटचं नाक वर किंवा खाली झुकतं आणि बसणाऱ्याला सीट खाली गेल्यासारखं वाटतं. दोन्हींचे उपाय वेगळे.

पाइप जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे त्याला आवळून धरणारं कडं म्हणजे क्लॅम्प. त्याच्या अगदी वरच्या कडेला लागून, बारीक मार्कर पेनाने पाइपवर एक आडवी रेघ मारा. शिवाय क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. मग खडबडीत रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, मुद्दाम चार धक्के खा. रेघ क्लॅम्पच्या आत गेली असेल तर पाइप घसरतोय. रेघ जागेवर आहे आणि टेपचा आकडा कमी झालाय, तर दोष माथ्यावरच्या पकडीत आहे: तो बोल्ट सोडा, दात असलेल्या चकत्या पुसा, बोल्टला थेंबभर तेल द्या आणि पुन्हा आवळा. चकत्यांचे दात झिजून गुळगुळीत झाले असतील तर ती पकड बदलावीच लागते. पुढचं सगळं पाइप घसरणाऱ्यांसाठी.

आता क्लॅम्प पूर्ण सोडून पाइप बाहेर काढा. वर ओढताना थोडा डावी-उजवीकडे फिरवत काढला की सोपं जातं. बाहेर आला की पाहा. पाइपवर उभे ओरखडे आहेत का? काळपट, चिकट तेल लागलंय का? बऱ्याच जणांना साखळीवर तेलाचा स्प्रे मारता मारता सगळीकडेच मारायची सवय असते आणि ते तेल झिरपत इथे येतं. फ्रेमच्या नळीचा आतला भाग चिंधी काठीला गुंडाळून पुसून काढा, पाइपही पुसा. हाताशी आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर शेवटचा हात त्याचा. मागे काही न ठेवता ते उडून जातं.

पुसता पुसता एक गोष्ट नीट उजेडात बघा. फ्रेमच्या नळीच्या वरच्या टोकाला उभी फट असते. ती फट जिथे संपते तिथून पुढे केसासारखी रेघ गेलेली नाही ना? वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने तिथे तडा जातो. तडा असेल तर पुढचं काहीही करू नका, सायकल चालवूही नका. ते काम फ्रेम जाणणाऱ्याचं.

माप

क्लॅम्प सैलच ठेवून पाइप परत आत घाला आणि सीट धरून पुढे-मागे, बाजूला हलवून बघा. बरोबर मापाचा पाइप हाताच्या हलक्या दाबाने आत जातो, पण खुळखुळत नाही. तुमचा खुळखुळत असेल तर कारण सापडलंच म्हणा.

हे पाइप एकसारखे दिसतात, पण त्यांची मापं दोन-दोन दशांश मिलिमीटरच्या फरकाने असतात: २६.६, २६.८, २७.०, २७.२. यांतलं २७.२ सगळ्यात जास्त भेटतं. जाड नळीच्या माउंटन सायकलींना ३०.९ आणि ३१.६ असतं, काही साध्या सायकलींना २५.४. बहुतेक पाइपांवर खालच्या टोकाजवळ, कमीत कमी इतका आत हवा हे सांगणाऱ्या रेघेच्या आसपास, हा आकडा कोरलेला असतो. तो वाचा, पण त्यावर थांबू नका. तो पाइपचा आकडा झाला. फ्रेमच्या भोकाचा कुठे लिहिलेला असेलच असं नाही.

भोक मोजायला व्हर्निअर, म्हणजे दशांश मिलिमीटर मोजणारी जबड्यांची पट्टी, लागतो. त्याचे वरचे छोटे जबडे आत घालून उघडायचे. अगदी तोंडाशी मोजू नका, फटीच्या भागात नळी आधीच दबलेली असते. जबडे पोचतील तितकं खाली मोजा. एकदा पुढून मागे, एकदा डावीकडून उजवीकडे. दोन्ही आकड्यांत दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त फरक आला, तर नळी अंडाकृती झाली आहे. मग पाइप फक्त दोन बाजूंना टेकतो आणि कितीही आवळलं तरी धरत नाही. अशी नळी आतून रीमर, म्हणजे भोक खरवडून गोल करणारं धारदार हत्यार, फिरवून गोल करून घेता येते, पण ते घरचं काम नाही.

व्हर्निअर नसेल तर निदान पाइप तरी कागदाने मोजता येतो. पातळ कागदाची पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं एकावर एक येतात तिथे टाचणी टोचा, पट्टी सरळ करून दोन भोकांमधलं अंतर मोजा आणि ३.१४ ने भागा. आलेल्या आकड्यातून कागदाची जाडी म्हणून ०.१ वजा करा. २७.२ च्या पाइपचा घेर साधारण ८५.५ मिलिमीटर, २६.८ चा ८४.२. साध्या पट्टीवरही हा फरक वाचता येतो.

नातीच्या सायकलच्या फ्रेमचं भोक २७.२ होतं आणि पाइप २६.८ निघाला. कधीतरी सीट बदलताना कुणीतरी पाइपही बदलला होता. ०.४ मिलिमीटरने काय होतं, असं तिने विचारलं. व्यासात ०.४ कमी म्हणजे घेरात सव्वा मिलिमीटर कमी. तेवढी नळीची फट जास्त मिटल्याशिवाय क्लॅम्प पाइपला नुसता टेकतसुद्धा नाही. आणि ती फट मिटते कशी? नळीचं फक्त वरचं तोंड आत दबतं, खालचा भाग होता तसाच राहतो. नळी तोंडाशी निमुळती होते आणि पाइपला एका अरुंद कड्यात धरते. खाली पाइप मोकळाच असतो. प्रत्येक धक्क्याला तो आत किंचित डुलतो, आणि डुलत डुलत त्या कड्यातून खाली उतरतो. बोल्ट कितीही घट्ट असो, धरणारी जागाच बोटाच्या नखाएवढी उरते.

याचा खरा उपाय एकच, बरोबर मापाचा पाइप. तो मिळेपर्यंत किंवा फरक थोडाच असेल तर शिम घालता येते. शिम म्हणजे पाइप आणि नळीच्या मध्ये घालायची पातळ धातूची नळी. २५.४ चा पाइप २७.२ च्या भोकात बसवण्यासारख्या मोठ्या फरकांसाठी ती तयार मिळते, वरच्या तोंडाला कॉलर असलेली. ०.२ किंवा ०.४ चा फरक असेल तर ॲल्युमिनियमच्या थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कामाला येतो. त्याच्या भिंतीची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे एक थर घातला की व्यास ०.२ ने वाढतो. मापांची पायरीही नेमकी तेवढीच!

पत्रा कापताना जाड हातमोजे घाला, त्याची कड ब्लेडसारखी असते. रुंदी पाइपच्या घेरापेक्षा २-३ मिलिमीटर कमी ठेवा. टोकं एकमेकांवर चढली की तिथे दुप्पट जाडी होते आणि पकड वाकडी बसते. लांबी ८ ते १० सेंटीमीटर, म्हणजे पाइपला खालपर्यंत आधार मिळेल. कमी लांबीचा तुकडा घातला तर तोंडाशीच घट्ट होतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. वरच्या कडेला ५ मिलिमीटरच्या चिरा देऊन त्या पाकळ्यांसारख्या बाहेर दुमडा, नाहीतर पत्राही पाइपबरोबर आत जाईल. डब्यावर बाहेरून रंग आणि आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, दोन्ही पॉलिश पेपरने घासून काढा. बसवताना पत्र्याची फट फ्रेमच्या फटीसमोर येऊ द्या. ०.४ साठी दोन थर. त्याहून जास्त थर घालावे लागत असतील तर पत्र्याचा नाद सोडा आणि पाइप बदला.

रबराची शिम कुणी सुचवली तर ऐकू नका. जुन्या ट्यूबचा तुकडा घालून पहिल्या दिवशी सीट छान बसते. मग रबर दबतं, सरकतं, पाइप आत लवत राहतो, आणि फ्रेमच्या तोंडावर नको तो ताण येतो.

बोल्ट आणि क्लॅम्प

माप बरोबर असूनही घसरत असेल तर बोल्टकडे या. इथे बहुतेक जण फसतात.

कुठलाही बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष ओढ निर्माण करतो. उरलेला बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. हे चांगल्या, तेल दिलेल्या बोल्टचं. आट्यांत गंज आणि धूळ असेल तर त्या दहाव्या हिश्श्यातलंही बरंच खर्च होतं. हाताला बोल्ट दगडासारखा घट्ट लागतो आणि क्लॅम्प पाइपला नुसता स्पर्श करत असतो. नातीच्या सायकलचा बोल्ट मी काढला तेव्हा आटे लाल झाले होते. ती दर रविवारी जो जोर लावत होती, तो गंजाशी लढण्यात जात होता.

म्हणून बोल्ट पूर्ण बाहेर काढा. आटे जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. आट्यांना आणि डोक्याखाली, जिथे ते क्लॅम्पवर घासतं तिथे, ग्रीस लावा. वॉशर असेल तर तो हरवू देऊ नका. आटे चपटे झाले असतील किंवा बोल्ट मध्ये बारीक झालेला दिसला तर तो ताणला गेलाय, तो बदला. माझ्या हातून असा एक बोल्ट तुटला आहे. डोकं उडालं आणि उरलेला तुकडा क्लॅम्पमध्ये अडकून बसला. तो काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

किती आवळायचं? क्लॅम्पवर बहुधा लिहिलेलं असतं, साधारण ५ ते ७ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, नसेल तर हिशोब असा: ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी चावीचा, दांडा १० सेंटीमीटर असेल तर त्याच्या टोकाशी ५ किलो वजनाएवढा जोर म्हणजे ५ न्यूटन-मीटर. दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढवायची नाही. ग्रीस लावलेल्या बोल्टला कमी जोर पुरतो हेही ध्यानात ठेवा.

आवळून झाल्यावर क्लॅम्पची दोन टोकं बघा. ती एकमेकांना टेकली असतील तर क्लॅम्पची ताकद संपली. आता बोल्ट फक्त त्या दोन टोकांना एकमेकांवर दाबतोय, पाइपपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे एकतर पाइप बारीक, नाहीतर क्लॅम्प मोठा. क्लॅम्पचं माप फ्रेमच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ठरतं. २८.६, ३१.८ आणि ३४.९ ही नेहमीची मापं. क्लॅम्प नळीच्या टोकावर पूर्ण बसलाय का तेही बघा. अर्धा वर लटकलेला असेल तर अर्धी पकड हवेतच आहे. साधारणपणे क्लॅम्पची फट फ्रेमच्या फटीसमोर ठेवतात. तरी धरत नसेल आणि क्लॅम्पवर बाण किंवा खूण नसेल, तर तो फिरवून फट विरुद्ध बाजूला नेऊन पाहा. पुष्कळदा ओढ सगळीकडे सारखी बसते.

जुन्या स्टीलच्या सायकलींना वेगळा क्लॅम्प नसतो. फ्रेमलाच दोन कान असतात आणि त्यांतून नट-बोल्ट जातो. त्या बोल्टच्या डोक्याखाली एक छोटी चोच असते, ती कानाच्या खाचेत बसली पाहिजे. चोच झिजली की नट फिरवताना बोल्टही सोबत फिरतो आणि घट्ट झाल्याचा भास होतो.

हाताने उघडायचा लिव्हर असेल तर तो मिटवताना अर्ध्या वाटेवर, लिव्हर सरळ बाहेर निघालेला असताना, विरोध जाणवायला हवा. आणि पूर्ण मिटवल्यावर तळव्यावर त्याचा ठसा उमटायला हवा. सहज मिटत असेल तर समोरचा नट पाव-पाव फेरा घट्ट करत जा. लिव्हरच्या खोबणीत तेलाचा थेंब सोडा. ज्यांना उंची रोज बदलायची नसते, त्यांनी लिव्हर काढून बोल्टचा क्लॅम्प लावलेला मला जास्त पटतो.

ग्रीस लावायचं की नाही

धातूचा पाइप, धातूची फ्रेम: लावायचं, पण पुसल्यासारखं पातळ. न लावलं तर ॲल्युमिनियम आणि स्टील ओलाव्यात एकमेकांना खाऊ लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत पाइप असा धरतो की निघता निघत नाही. घसरण्यापेक्षा ते दुखणं वाईट. माप बरोबर असेल तर पातळ ग्रीसने पाइप घसरत नाही. सगळं करूनही किंचित सरकत असेल, तर ग्रीस पुसून त्या जागी कार्बन असेंब्ली पेस्ट, म्हणजे कार्बन फायबरचे भाग बसवताना लावायची पेस्ट, लावा. नाव कार्बनचं असलं तरी धातूलाही चालते. तिच्यात बारीक कण असतात, ते दोन्ही पृष्ठभागांत रुतून पकड वाढवतात आणि कमी जोरात काम होतं. ग्रीसमध्ये वाळू मिसळायचा उद्योग करू नका, तिने पाइप आणि फ्रेम दोन्ही खरवडली जातात.

पाइप किंवा फ्रेम कार्बनची असेल तर नियम बदलतात. ग्रीस नाही, पॉलिश पेपर नाही, डब्याचा पत्रा नाही. फक्त पेस्ट, आणि टॉर्क पाना हातात असल्याशिवाय बोल्टला हात नाही. कार्बन जास्त आवळल्यावर वाकत नाही, आतून चिरतो, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही.

रस्त्यात अडलात तर पाण्याच्या नळीची स्क्रूची पट्टी, होज क्लिप, उपयोगी पडते. फ्रेमच्या क्लॅम्पला चिकटून, धातूच्या पाइपभोवती, खाली ट्यूबचा तुकडा घालून ती आवळा. पाइप खाली जायला लागला की ती पट्टी क्लॅम्पवर अडते. घरी पोचेपर्यंत ठीक, कायमचं नाही.

पुन्हा बसवताना

पाइपवरची कमीत कमी आत हवी ती रेघ बाहेर दिसता कामा नये. उंच माणसाला तेवढी उंची पुरत नसेल तर लांब पाइप घ्यावा, ३५० किंवा ४०० मिलिमीटरचा. थोडाच आत असलेला पाइप तरफेसारखा फ्रेमचं तोंड उघडत राहतो. मग घसरतो तरी, नाहीतर फ्रेम फाडतो.

उंची ठरवायला सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर झुकायला नको. पायाचा चवडा पॅडलवर ठेवून चालवलं की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. आकड्यातच हवं असेल तर अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुरुवातीला तेवढं ठेवा, मग गुडघ्याचं ऐकून चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे करा.

पहिल्या फेरीनंतर बोल्ट एकदा तपासा, नवी शिम किंवा पेस्ट बसताना थोडी जागा घेते. पुढे सहा महिन्यांनी पाइप बाहेर काढून पुसायचा, ग्रीस किंवा पेस्ट नवी लावायची.

नातीचं माप ७८ आलं, म्हणजे ६८.९ सेंटीमीटर. आधी पत्र्याचे दोन थर घातले होते, दहा दिवसांनी २७.२ चा पाइप आणला. ६८.९ हा आकडा आम्ही सीटच्या खाली पेनाने लिहून ठेवलाय आणि क्लॅम्पच्या कडेला रेघ मारली आहे. रविवारी ती अजूनही टेप घेते, पण आता फक्त मोजायला. काल ६८.९ च भरलं.